कपाटाची चावी : ग्रंथालयाचा प्रभार नव्याने मिळालेल्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! जूनअखेरीस शाळा उघडली, कामवाटपाचा कागद फिरला. पोषण आहार ज्यांना नको होता त्यांनी शिष्यवृत्ती घेतली, शिष्यवृत्ती ज्यांना नको होती त्यांनी क्रीडा घेतली, आणि तुम्ही त्या दिवशी पंचायत समितीत टपाल द्यायला गेला होतात, म्हणून ग्रंथालय तुमच्या नावावर पडले. गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत, शालेय ग्रंथपाल साधारण याच रीतीने जन्माला येतो. मोठ्या हायस्कुलात पटसंख्या बघून पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपालाचे पद मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण असतो. अर्धवेळाला अर्धवेळ म्हणतात, तर आपल्याला काय म्हणावे? मधल्या सुटीत खिचडीची चव घेऊन झाल्यावर जी सात मिनिटे उरतात, त्या सात मिनिटांचे ग्रंथपाल.

वाईट वाटून घेऊ नका. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन हेही मुळात गणिताचे मास्तरच. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकांताला इतके कंटाळले, की मला परत वर्गावर घ्या म्हणून कॉलेजात जाऊन उभे राहिले. आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, मग बोलू, असे त्यांना सांगण्यात आले. ते गेले, आणि परत आले ते आयुष्यभराचे ग्रंथपाल होऊन. तुम्हाला इंग्लंडला कोणी पाठवणार नाही. तालुक्याला एक दिवसाचे प्रशिक्षण होईल आणि त्यात जेवण असेल. बाकीचे या मार्गदर्शिकेत आहे.

साहित्य

एक लोखंडी कपाट, ज्याचे एक दार वर उचलल्याशिवाय लागत नाही. कपाटावर पृथ्वीचा गोल (आस तुटलेला), केंद्रस्तरीय क्रीडा संमेलनातली ढाल आणि गेल्या २६ जानेवारीच्या पताका. एक दाखल नोंदवही, एक देव-घेव नोंदवही, शाळेचा शिक्का, शाईचा कोरडा पॅड. पुस्तके असतीलच. कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि सगळ्या विषयांची पुस्तके असावीत असे लिहिले आहे, आणि वाक्याच्या शेवटी ‘गोष्टींची पुस्तके धरून’ अशी पुस्तीही जोडली आहे. ही पुस्ती ज्याने कोणी घातली त्याला शाळा माहीत होती. तो शब्द नसता तर आपण सगळ्यांनी व्याकरण आणि सामान्यज्ञान भरून कपाट बंद केले असते. तो शब्द असूनही बहुतेकांनी तेच केले, हा भाग वेगळा.

पायरी पहिली : चावी

सुरक्षित ग्रंथालयाचे सगळे रहस्य चावीत आहे. एक चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवावी. त्या खणाची चावी मुख्याध्यापकांच्या खिशात असावी. मुख्याध्यापक सभेला असावेत. ही रचना नीट बसली की तुमची पुस्तके पन्नास वर्षे जशीच्या तशी राहतील, पाने एकमेकांना चिकटलेली, नव्या कागदाचा वास आतल्या आत कोंडलेला. तपासणीला आलेले साहेब पुस्तक हातात घेऊन म्हणतील, “वा, छान सांभाळलीत!” मी नोकरीची पहिली सहा वर्षे हे वाक्य कमावण्यात घालवली. या पद्धतीत कोणताही दोष नाही. यू-डायस प्लसच्या फॉर्मात शाळेत पुस्तके किती, हा रकाना आहे. वाचली किती, हा रकाना मला अजून सापडलेला नाही.

ज्यांना एवढ्यावर थांबायचे आहे त्यांनी इथेच थांबावे. पुढच्या पायऱ्यांमध्ये नुकसानीचा धोका आहे.

पायरी दुसरी : मोजदाद

पावसाळा संपायची वाट पाहू नका, त्याच्या आत उधई आपली मोजदाद उरकून घेते. एखाद्या कोरड्या दिवशी व्हरांड्यात ताडपत्री अंथरा आणि सगळी पुस्तके बाहेर काढा. थेट उन्हात नाही, कागद पिवळा पडतो. सावलीत, वारा लागेल असे. पाने झटका. कसर पळताना दिसेल. चंदेरी, चपळ, आणि शाळेतली आजवरची सर्वांत नियमित वाचक. कपाट कोरड्या फडक्याने पुसा, भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवा, खाली विटा द्या, कप्प्यांत निरगुडीचा सुकलेला पाला टाका. आपल्याकडे धानाच्या कोठीत टाकतात तोच. हे सारे मुलांकडून करून घ्या. मोजायला लावा, फडके मारायला लावा. का, ते आत्ता सांगत नाही. ताडपत्रीवर काय होते ते बघा.

दाखल नोंदवही शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचली तर शाळेचा सगळा इतिहास कळतो. वरचे शिक्के समग्र शिक्षेचे, त्याखाली सर्व शिक्षा अभियानाचे, आणि तळाशी, पुठ्ठे सुटलेले, १९८७ नंतरच्या खडू-फळा मोहिमेतले. मधेच एका संचात ‘आदर्श निबंध’ नावाच्या पुस्तकाच्या पाच प्रती. आमच्याकडे तो संच कुठून आला, कोणी निवडला, हे नोंदवहीत नाही. पुस्तके आपोआप आली असावीत, जशी गावात मंडईच्या आदल्या रात्री दुकाने येतात.

आता काढून टाकण्याचे काम. याला दप्तरी भाषेत निर्लेखन म्हणतात, आणि या शब्दाला गुरुजी लोक सापापेक्षा जास्त भितात. नियम सोपा ठेवा. ज्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपला तालुका अजून भंडारा जिल्ह्यात आहे, ते पुस्तक बाद. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. इतक्या वर्षांत ज्या पुस्तकाला ही बातमी पोचली नाही, त्याच्याकडून स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेऊ नये. आमच्या कपाटात अशी अकरा निघाली. त्यातले एक मात्र मी ठेवले. पाचवीच्या मुलांना दाखवले की पुस्तकात छापलेले चूक असू शकते. त्या दिवशी वर्ग जितका खूष झाला तितका मी आणलेल्या कोणत्याही नव्या पुस्तकाने झाला नव्हता. पुढचा आठवडाभर पोट्टे पाठ्यपुस्तकात चुका शोधत होते, आणि चुका शोधण्यासाठी वाचत होते.

बाद पुस्तकांची यादी करा, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घ्या, सही-शिक्का करा. ठरावाला वीस मिनिटे लागतात. तो न घेता तीच पुस्तके तीस वर्षे मोजत राहण्याला तीस वर्षे लागतात.

पायरी तिसरी : खरेदी

समग्र शिक्षेत ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेला पाच हजारांपासून, मोठ्या शाळेला वीस हजारांपर्यंत. कधी पैसे येतात, कधी पुस्तकेच येतात. पैसे आले तर निवड तुमची. इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो: मुलांनी काय वाचायला हवे याची यादी करतो. थोर पुरुषांची चरित्रे बत्तीस पानी, संच पन्नासचा, मुखपृष्ठावर सगळ्यांचा चेहरा एकाच चित्रकाराने काढल्यासारखा. बोधकथा. यशाचे मंत्र. ही पुस्तके वाईट नसतात. फक्त ती मुलाला सुधारायला निघालेली असतात, आणि सुधारायला येणारा माणूस मुलाला शंभर पावलांवरून ओळखू येतो.

उलट करा. मुलांना काय विचारायची सवय आहे ते आधी ऐका. आमच्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला: “सर, थे वाघाचं पुस्तक आहे का?” कारण वाघ इथे प्राणी नाही, शेजारी आहे. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. आमच्या मुलांचे काका-मामा त्याच्या काठाने मोहफुले वेचतात. तर वाघाची पुस्तके घ्या. पण मग एक गंमत ऐका. माणदेशाचे व्यंकटेश माडगूळकर इथे आले, जंगलात मुक्काम ठोकून राहिले आणि ‘नागझिरा’ लिहून गेले. मारुती चितमपल्ली सोलापूरकडचे. वनाधिकारी म्हणून नवेगावला वर्षानुवर्षे राहिले, इथले पक्षी, इथली माणसे, इथले शब्द टिपले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. पुण्यामुंबईची माणसे ही पुस्तके वाचून गाड्या काढून आपल्याकडे येतात. आणि ज्या पोराच्या घरामागून नागझिऱ्याचे रान सुरू होते, त्याच्या शाळेच्या कपाटात असते ‘अंटार्क्टिकाची सफर’.

माझ्याकडे ‘नागझिरा’ची एक प्रत होती. सातवीतला एक मुलगा, ज्याचे वाचन मला दुसरीच्या पातळीचे वाटत होते, तो ती घेऊन गेला. ती मोठ्यांची भाषा, बारीक टाईप. मी मनात म्हटले, दोन दिवसांत परत येईल. पंधरा दिवस आली नाही. विचारले तर म्हणाला, आबाला वाचून दाखवतो आहे, आणि आबा जागोजागी थांबवतात. “असं नाई होत जंगलात,” म्हणतात. लेखकाशी भांडत भांडत आजोबा-नातवाने पुस्तक संपवले. भाषेची पातळी वगैरे जे मी प्रशिक्षणात शिकलो होतो ते खोटे नाही, पण ओळखीच्या वाटेवर मूल अंधारातही चालते.

सारसाचे तसेच. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर आपल्याच धानाच्या बांध्यांवर यावे लागते. पक्ष्यांचे एखादे चांगले सचित्र पुस्तक घ्या आणि सारसाच्या पानावर खूण घालून ठेवा. उघडताक्षणी मूल म्हणेल, हा तर आमच्या वावरात येतो. तिथून पुढे ते पान उलटायला तुमची गरज नाही.

छोट्यांसाठी चित्रांवर पैसे खर्च करा, हात आखडू नका. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ घ्या. त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ मोठ्या मुलांसाठी. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त आणि टिकाऊ. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दोन प्रतींत घ्या, एक नेहमी हरवते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आहे. त्याची वर्गणी भरा, आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत ते शाळेच्या टीव्हीवर दाखवा. हिंदीला नाके मुरडू नका. आपल्या अर्ध्या मुलांच्या कानावर मराठीआधी हिंदी पडलेली असते, आमगावच्या बाजाराची भाषा तीच. एकलव्यचे ‘चकमक’ मागवा.

आणि घरची भाषा? आमच्या एका वर्गात पोवारी बोलणारी मुले, गोंडी बोलणारी, छत्तीसगढीकडे झुकलेली आणि उरलेली झाडीबोलीतली. झाडीबोलीत ‘ळ’ नाही. डोळ्याचा डोरा होतो, फळाचे फर होते. ही मुले पुस्तकातला ‘डोळा’ वाचताना अडखळतात तेव्हा आपण त्यांचा उच्चार दुरुस्त करतो, आणि गोष्ट तिथेच मरते. दुरुस्त करू नका. डोरा तर डोरा. गोंडीतल्या छापील गोष्टी दुकानात मिळणे कठीण, पण प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर आहेत, छापून घेता येतात. नाहीच जमले तर मुलांकडूनच पुस्तके करून घ्या. आजीला विचारून गोष्ट आणा, चार कागद दुमडा, शिवा, चित्र काढा. कचारगडच्या गुहेची गोष्ट आमच्याकडे तीन मुलांनी तीन प्रकारे आणली. माघ पौर्णिमेच्या यात्रेला तिथे चहूकडच्या राज्यांतून गोंड समाज लोटतो, आणि प्रत्येक घराची गोष्ट थोडी वेगळी. तिन्ही ठेवल्या. दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक दिले, शिक्का मारला. किमतीच्या रकान्यात शून्य लिहिले. लेखापरीक्षणात प्रश्न आला: शून्य किमतीची वस्तू जमा कशी? त्यावर मी जे उत्तर दिले ते व्याकरणदृष्ट्या बरोबर होते, एवढेच सांगतो.

पायरी चौथी : वर्गीकरण

ड्यूईची दशांश पद्धत १८७६ ची. त्यात लोककथा ३९८.२ वर, पक्षी ५९८ वर, वाघ ५९९.७५६ वर आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर. रंगनाथनांची कोलन पद्धत १९३३ ची. लंडनच्या दुकानात मेकॅनोचे खेळणे जोडताना पाहून त्यांना ती सुचली म्हणतात, म्हणजे मुळात खेळच. दोन्ही शिकून ठेवा, मुलाखतीत विचारतात.

मुलांचे वर्गीकरण असे असते: वाघाचे, भुताचे, हसू येते ते, खूप चित्रांचे, आणि ‘ते जे त्या दिवशी तिच्याकडे होते ते’. कपाटाचे कप्पे तसेच करा. पुठ्ठ्यावर रंगीत टिकली लावा. छोट्या वाक्यांच्या पुस्तकांना पिवळी, लांब गोष्टींना निळी, मोठ्यांच्या पुस्तकांना लाल. लाल टिकली लावली की ती पुस्तके पाचवीची मुले आधी मागतात. हा दोष नाही, लाल टिकली त्यासाठीच आहे. मुलाला पुस्तक जड जाईल का हे बघायचा साधा उपाय: कुठलेही पान उघडायचे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचे. पान संपायच्या आत मूठ झाली तर ते पुस्तक पुढच्या वर्षी. मात्र मूठ झाली तरी मूल पुस्तक सोडत नसेल, तर बोटांचे ऐकू नका.

आणखी एक खूण मला मुलांनीच शिकवली. दोन पुस्तकांतून निवडायचे असेल तर ती अधिक फाटके पुस्तक उचलतात. पहिल्यांदा मला वाटले, ही पोरे अशीच. मग कळले, फाटके म्हणजे कोणीतरी वाचलेले. कोरे म्हणजे कोणालाच नको असलेले. तेव्हापासून नवे पुस्तक आले की दोन दिवस घरी नेऊन मी त्याची कड जराशी मऊ करतो. साहेबांना सांगू नका.

पायरी पाचवी : वाचनाची गोडी लावणे

१५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तके द्यावीत, फोटो काढावा, गटावर टाकावा. पुस्तके उलटी धरलेली नाहीत एवढे बघावे. त्या सुमारास हलके धान कापणीला येते, निम्मी मुले बांधीत असतात. उरलेल्यांना पुढे बसवले की फोटो भरलेला दिसतो.

गोडी घालवायची असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय: वाचलेल्या पुस्तकाचा सारांश पंधरा ओळींत लिहून आणायला सांगणे. तो उपाय मी दोन वर्षे राबवला. मुलांनी सर्वांत पातळ पुस्तक शोधले आणि एकमेकांत फिरवले; एकाच सारांशाच्या सव्वीस प्रती माझ्याकडे आल्या, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह. फ्रान्समधले एक शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या हक्कांची यादी केली. त्यातला पहिला हक्क न वाचण्याचा, आणि पुढे पुस्तक अर्ध्यात सोडण्याचाही. आपल्याकडे शिक्षण हक्क आहे. हा हक्क कोणी दिला नाही. मी तोंडी देऊन टाकला. नाही आवडले तर परत आण, कारण विचारणार नाही. परत आलेली पुस्तके दुप्पट झाली आणि नेलेली चौपट.

गोडी लावायची असेल तर एवढेच करा: रोज मोठ्याने वाचा. परिपाठानंतर दहा मिनिटे. आवाज चढवायचा, उतरवायचा, आपल्याकडच्या दंडारीत म्होरक्या करतो तसा. पोट्टे ते बघत वाढलेले असतात, फसवता येत नाही. आणि भूत दारात येऊन उभे राहिले की पुस्तक मिटायचे. “मंग?” असा आवाज येतो. मग काही नाही, गणिताचा तास. पुस्तक टेबलावर ठेवून खोलीबाहेर जायचे, आणि परत येईपर्यंत ते टेबलावर नसेल तर चौकशी करायची नाही. ग्रंथालयशास्त्राचे याहून प्रगत तंत्र मला माहीत नाही.

पुस्तके कपाटातून काढून व्हरांड्यात दोरीवर टांगा, धुतलेल्या कपड्यांसारखी. उंची पहिलीच्या मुलाचा हात पोचेल एवढी. यात एक अडचण आहे, ती पुढे येईल.

एका मुलीचे सांगतो. ती रोज एक पुस्तक नेई, तेही जाडेच. मी समजलो, हुशार. एकदा घरी गेलो तर अंगणात आई आणि शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, विड्या वळणारी बोटे भराभर चाललेली. आणि ही मधोमध बसून ‘श्यामची आई’ वाचून दाखवते आहे. एक प्रकरण झाले की कट्टे मोजायचे, मग दुसरे. क्युबात, हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ च्या सुमारास अशी प्रथा सुरू झाली: कामगार सिगार वळणार आणि एक जण उंचावर बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवणार, त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत. ‘मोंटे ख्रिस्तो’ ही सिगार त्या वाचनात गाजलेल्या कादंबरीवरूनच नाव घेऊन आली. आमच्या अंगणात पगार नव्हता. पण त्या आईने मला अडवून विचारले, “गुरुजी, हे झालं का दुसरं कोनतं देता? रडवणारं नको आता, काम थांबते.” माझ्या नोंदवहीत वाचक एक होता. प्रत्यक्षात चार.

पायरी सहावी : देव-घेव

मुख्य भीती आता. पुस्तक हरवले तर? पगारातून कापतील, असे प्रत्येक गुरुजीला कोणीतरी सांगितलेले असते. सांगणारा नेहमी दुसऱ्या तालुक्यातला.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे. आपल्या कपाटाला ती थेट लागू नाही, पण तिच्यातले गणित बघा. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ हरवणे रास्त मानावे. अट अशी, की त्यात लबाडी किंवा निष्काळजीपणा नसावा. पुन्हा वाचा. कपाटात असलेल्या हजारांमागे नव्हे, वाचायला दिलेल्या हजारांमागे. साठ मुलांच्या शाळेत प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेले, तीस आठवडे धरले, तर अठराशे देव-घेवी झाल्या. नऊ पुस्तके हरवण्याची मुभा मिळाली. आणि ज्याने वर्षभरात एकही पुस्तक दिले नाही, त्याला एकही हरवण्याची परवानगी नाही. त्याचे एक जरी गेले तर त्याने उत्तर दिलेच पाहिजे, कारण ते गेले कुठे? दिल्लीत बसून कोणी इतका शहाणा नियम लिहील असे मला वाटले नव्हते. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

नोंद मुलांनाच ठेवू द्या. सहावी-सातवीच्या दोन मुली आणि दोन मुले, महिन्याने बदलायची. नाव, पुस्तक, तारीख, बस. दंड नको. उन्हाळ्याच्या सुटीत कपाट रिकामे करा. तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरची सगळी माणसे पहाटेपासून रानात, लहानगी घरी. त्या दुपारी पुस्तकाला जितकी किंमत येते तितकी शाळेच्या दिवसांत येत नाही. काही पुस्तकांत खुणेला तेंदूचे पान सापडेल. राहू द्या.

रोवणीच्या आठवड्यात मात्र कोणाकडूनही वाचनाची अपेक्षा करू नका, स्वतःकडूनही.

अडचणी

पुस्तक कोणीच नेत नाही. — रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतले एक म्हणते, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. यातला धीर मात्र त्यांच्याही आधी बाराशे वर्षे एकाने दाखवला होता. संस्कृत नाटककार भवभूती हा स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे, असे वा. वि. मिराशींनी मांडले. आमगावच्या कॉलेजलाही त्याचे नाव आहे. त्याच्या लेखनाची तेव्हा फारशी कदर होत नसावी, ‘मालतीमाधव’ नाटकाच्या सुरुवातीलाच तो सांगून टाकतो, की माझा वाचक अजून जन्मायचा आहे आणि मला घाई नाही. तालुक्याचाच माणूस. तळाच्या कप्प्यातल्या पुस्तकाकडे बघताना मला तो आठवतो. तरी वर्षातून दोनदा तळाचे पुस्तक वर आणा. वाचक जन्मला असेल आणि त्याचा हात तळापर्यंत पोचत नसेल.

पुस्तकावर पेनाने मिशा काढल्या. — कोणाला, ते बघा. मिशा शोभत असतील तर सोडून द्या.

दोरीवरचे पुस्तक बकरीने खाल्ले. — आमच्याकडे हे घडले आहे. ‘आदर्श निबंध’, पहिली सतरा पाने, ‘मी पंतप्रधान झालो तर’ पर्यंत. निर्लेखनाच्या यादीत कारण काय लिहावे यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा झाली. मी ‘वापरात संपले’ लिहिले. त्यालाही वाचक मिळाला, असे समजा.

प्रभार सोडताना

बदलीचा आदेश आला की नोंदवही आणि कपाट एकमेकांशी जुळवायचे असते. माझे जुळले नाही. एकोणतीस पुस्तके कमी भरली. ‘नागझिरा’ त्यात आहे. आबा गेल्यावर त्या मुलाने ते परत आणले नाही आणि मीही मागितले नाही. फास्टर फेणेच्या दोन्ही प्रती आहेत. ‘श्यामची आई’ आहे. आजीच्या गोष्टींची शून्य किमतीची सहा आहेत. मी यादी केली, शेऱ्यात ‘बाहेर’ लिहिले, सही केली. नव्या गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि जरा घाबरून विचारले, आणि चावी?

चावी या शाळेतल्या चौथ्या का पाचव्या वर्षी हरवली. कुलूप त्याआधीच गंजले होते, ते कोणीतरी सायकलला लावले. कपाटाच्या कडीत बांबूची काडी अडकवायची असते, एवढे लक्षात ठेवा. मुलांसाठी नव्हे, त्यांना ती काढता येते. दुपारी बकऱ्या येतात, आणि ‘आदर्श निबंध’च्या अजून चार प्रती शिल्लक आहेत.